एकतिशीचा गडी आणि तीन कोटींचा करार

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायांचं काम मुख्यतः पळण्याचं. चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. या खेळात ‘रनिंग बॅक’ नावाचा एक गडी असतो. आपल्या कबड्डीतला चढाईबहाद्दर डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच, की इथे जवळजवळ प्रत्येक चढाईत पकड ठरलेली, आणि पकडणारे शंभर-सव्वाशे किलोंचे!

माझा भाचा बाल्टिमोरला असतो. २०२५ च्या मे महिन्यात त्याचा फोन आला तो तक्रार घेऊनच. “मामा, आमच्या संघानं एकतीस वर्षांच्या माणसाला आणखी दोन वर्षं वाढवून दिली!” तो माणूस म्हणजे रेव्हन्स संघाचा डेरिक हेन्री. रक्कम तीन कोटी डॉलर, त्यातले अडीच कोटी हमीचे. म्हणजे गडी जायबंदी झाला तरी द्यायचेच.

भाच्याची धास्ती खोटी नव्हती. या जागेवरचे खेळाडू सत्ताविशी-अठ्ठाविशीनंतर उतरणीला लागतात, असा अनुभव आहे. त्यातून प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. एकाला जास्त दिलं की दुसऱ्या कुणाचं तरी कमी होतं. घरखर्चासारखंच.

सिॲटलच्या शॉन अलेक्झांडरचं उदाहरण तर सगळ्यांच्या तोंडी. २००५ च्या हंगामात त्यानं ३७० वेळा चेंडू घेऊन १८८० यार्ड पळ काढला आणि तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. लगेच २००६ मध्ये आठ वर्षांचा, ६ कोटी २० लाखांचा करार झाला. त्याच वर्षी पायाचं हाड मोडलं. पुढचे दोन हंगाम ८९६ आणि ७१६ यार्ड. २००८ च्या एप्रिलमध्ये संघानं त्याला मोकळं केलं.

पण खेळाडूच्या बाजूनंही बघा. नवा गडी येतो तेव्हा पहिली चार वर्षं ठरीव, त्या मानानं स्वस्त करारात जातात. ऐन उमेदीतला घाम तिथेच गळतो. भाव मागायची वेळ येते तेव्हा मालक जन्मतारीख पुढे करतात! मला हा व्यवहार कधीच सरळ वाटलेला नाही.

हेन्रीचं हेच झालं होतं. २०२० साली टेनेसीसाठी दोन हजारांवर यार्ड, पुढच्या वर्षी पायाचं हाड मोडलं, आणि २०२४ मध्ये संघानं त्याला जाऊ दिलं. रेव्हन्सनी दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाखांत घेतलं. तिशीतल्या या गड्यानं त्या हंगामात १९२१ यार्ड काढले.

मग वाढवून द्यावं की नाही? माझं मत विचाराल तर, द्यावं; पण वर्षं मोजून. सिॲटलची चूक अलेक्झांडरला पैसे देण्यात नव्हती, आठ वर्षांचा हिशेब मांडण्यात होती. दोन वर्षांत अंदाज चुकला तरी संघ सावरतो. तरीही हमीचे अडीच कोटी मला जरा जड वाटतात. २०२४ अखेर नियमित हंगामांतच हा माणूस २३५५ वेळा चेंडू घेऊन त्या गर्दीत शिरला होता.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “ते ठीक आहे मामा, पण मी त्याच्या नावाचा सदरा घेतलाय.”