लंडनमध्ये बॅगा घेऊन फिरताय? फोनमध्ये एवढं आधी करून ठेवा

हीथ्रोला उतरलात, सोबत दोन जड बॅगा. गूगल मॅप्स कमी वेळाचा रूट दाखवेल, पण वाटेत किती जिने आहेत ते आपणहून सांगणार नाही. ट्यूबच्या बऱ्याच जुन्या स्टेशनांवर लिफ्टच नाही. म्हणून मॅप्सच्या रूट ऑप्शन्समध्ये 'व्हीलचेअर अ‍ॅक्सेसिबल' निवडा, किंवा 'टीएफएल गो' अ‍ॅपमध्ये स्टेप-फ्री मॅप लावा. व्हीलचेअर आपल्याकडे नसली तरी बॅगेला चाकं आहेतच की! एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर जिना न चढता प्लॅटफॉर्म गाठता येतो. पिकाडिली लाइन स्वस्त, पण वेळखाऊ आणि डबेही अरुंद. बॅगा असतील तर मी एलिझाबेथच घेईन.

तिकीट काढायची गरज नाही, गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करायचं. मात्र रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नव्या भारतीय कार्डांवर आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार सुरुवातीला बंद असतात. ते बँकेच्या अ‍ॅपमधून इथूनच चालू करा. तिकडे ओटीपी आला नाही तर पंचाईत.

खरी गडबड पुढे होते. आत जाताना फोन टॅप केला, बाहेर पडताना तेच कार्ड खिशातून काढून. फोनच्या वॉलेटमध्ये कार्डाला वेगळा नंबर मिळतो, त्यामुळे सिस्टमला दोन अर्धवट प्रवास दिसतात आणि दोन्हींचं कमाल भाडं कापलं जाऊ शकतं. फोन तर फोन, कार्ड तर कार्ड. दोघं असाल तर दोघांना वेगळं कार्ड. बसमध्ये फक्त चढताना टॅप करा. रोख पैसे तिथे घेतच नाहीत.