आधी अळी मोजा, मग लेन्स घ्या

फलटण तालुक्यात जुलैअखेर मक्याच्या पोंग्यात डोकावलं की भुशासारखी ओली विष्ठा दिसते आणि तिच्याखाली अळी. ही अमेरिकन लष्करी अळीच आहे का, हे दोन खुणांवरून ओळखतात. डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय'सारखी फिकट रेघ असते आणि शेपटीकडून दुसऱ्या वळ्यावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. २०१८ साली ही अळी भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. तेव्हापासून आमच्या भागात ज्याच्याकडे म्हणून कॅमेरा आहे, त्याला जवळचे फोटो काढावेसे वाटू लागले. मग प्रश्न ठरलेला: "बजेट कमी आहे, मॅक्रो लेन्स कुठली घेऊ?"

मी उलटा प्रश्न विचारतो: फोटो कशाचा काढायचाय आणि ती वस्तू किती मिलिमीटरची आहे? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. लोक चुकीच्या वस्तूवर पैसे घालतात ते इथेच.

पहिला गैरसमज लेन्सवर छापलेल्या शब्दाचा. 'मॅक्रो' लिहिलेली ७०-३०० ची झूम स्वस्तात मिळाली म्हणून लोक खूश होतात. तो शब्द तिथे फक्त 'इतर झूमपेक्षा जवळून फोकस होते' एवढ्याच अर्थानं असतो. अशा बहुतेक झूम १:४ किंवा फार तर १:२ पर्यंत जातात. उलट निकॉनच्या खऱ्या मॅक्रो लेन्सवर 'मॅक्रो' शब्दच नसतो, तिथे 'मायक्रो' लिहिलेलं असतं. म्हणून नाव वाचू नका, प्रमाण वाचा. १:१ म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते. आपल्याकडच्या बहुतेक डीएसएलआरचा सेन्सर साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे १:१ ला फ्रेममध्ये शेताचा तेवढाच, टपाल तिकिटाएवढा तुकडा मावतो.

आता ती लष्करी अळी घ्या. पूर्ण वाढलेली अळी तीन-साडेतीन सेंटिमीटर भरते. १:१ ला ती फ्रेममध्ये मावतच नाही! १:२ ला मात्र सेहेचाळीस मिलिमीटर दिसतात, म्हणजे अळी डोक्यापासून शेपटीपर्यंत बसते आणि चारही ठिपके मोजता येतात. '१:१ शिवाय मॅक्रोच नाही' असं जे छातीठोक सांगितलं जातं, ते या कामापुरतं सपशेल चूक आहे. पण डाळिंबावरचा फुलकिडा घ्या, जेमतेम दीड मिलिमीटर. १:१ ची महागडी लेन्स घेतली तरी तो फ्रेमच्या रुंदीचा पंधरावा-सोळावा हिस्सा व्यापेल. त्याचे झालरीसारखे पंख दाखवायचे तर २:१ किंवा त्याहून पुढे जावं लागतं. एकच तालुका, दोन किडी, आणि हिशेब पूर्ण वेगळा.

तुमच्याकडे आज काय आहे, हे घरीच तपासा. शाळेतली पट्टी टेबलावर ठेवा, किट लेन्स ५५ वर न्या, जेवढं जवळ जाऊन फोकस होतं तेवढं जा आणि फोटो काढा. फ्रेमच्या रुंदीत किती मिलिमीटर दिसले? सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्यानं भागा, तेच तुमचं प्रमाण. कॅननच्या १८-५५ एसटीएम किटला हा आकडा साधारण बासष्ट येतो, म्हणजे प्रमाण ०.३६. बासष्ट मिलिमीटरमध्ये डाळिंबाचं फूल आरामात बसतं, करडईचं बोंडही बसतं. (करडई जवळून टिपायची तर फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेनं काढलेली बिनकाट्यांची नारी-६ शोधा, काटेरी वाणात कोपर टेकवून बसणं काय असतं, ते एकदा करून पाहिलेला माणूस विसरत नाही.) कित्येकांचं काम या किट लेन्सवरच भागतं आणि त्यांना ते माहीतच नसतं.

ज्यांचं भागत नाही, त्यांच्या मनात पुढचा गैरसमज असतो: स्वस्त जोडण्या म्हणजे खेळणी. मला हा सगळ्यात नुकसानीचा वाटतो, कारण कमी बजेटवाल्यांचा खरा आधार याच जोडण्या आहेत. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे पोकळ नळी. तिच्यात काचच नाही, त्यामुळे खराब काचेनं फोटो बिघडण्याचा प्रश्न येत नाही. हिशेब सोपा आहे: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, तेवढं प्रमाण वाढतं. ५० एमएमच्या लेन्समागे १२ आणि ३६ च्या नळ्या मिळून ४८ मिलिमीटर लावा, जवळपास १:१ झालं. फक्त ॲपर्चर कॅमेऱ्यातून चालवायचं तर विजेचे संपर्क असलेली ट्यूब घ्या. अगदी स्वस्त बिनसंपर्काच्या ट्यूबनं आजच्या लेन्सवर ॲपर्चर हाती राहत नाही. आणि ट्यूब लावल्यावर दूरचं फोकस होणार नाही. तो बिघाड नव्हे.

दुसरी जोडणी क्लोज-अप लेन्स. काही शे रुपयांत मिळणाऱ्या एकाच काचेच्या फिल्टरनं फोटोच्या कडा विरघळतात, रंग फाटतात, ही तक्रार खरी आहे. पण रेनॉक्सची डीसीआर-२५० तीन काचांची आहे आणि ताकद आठ डायॉप्टर. ती ५५-२५० झूमच्या तोंडावर चिमट्यासारखी बसते, आणि २५० वर थेट २:१ मिळतं. वस्तू समोरून अकरा-बारा सेंटिमीटर लांब राहते. फुलकिड्यासाठी कमी पैशात यापेक्षा चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. किट लेन्स उलटी लावण्याची रिंग त्याहूनही स्वस्त, पण ॲपर्चरची कटकट आणि मागची काच उघडी, धूळ थेट तिच्यावर. शेतात मी तिचा सल्ला देत नाही.

स्वतंत्र मॅक्रो लेन्सच घ्यायची असेल तर 'कमी एमएमची स्वस्त पडते, प्रमाण तर तेच' या युक्तिवादाला भुलू नका. निकॉनची ४० एमएम मायक्रो १:१ देते हे खरं. पण १:१ ला वस्तू सेन्सरपासून सोळा सेंटिमीटरवर असते आणि लेन्सच्या तोंडापासून उरतं जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. लेन्सची सावली किड्यावर पडते आणि फुलपाखरू तर थांबतच नाही. टॅमरॉन ९० किंवा टोकिना १०० मध्ये हे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास मिळतं. या दोन्ही बरीच वर्षं बाजारात आहेत, त्यामुळे वापरलेल्या सापडतात. जुन्या मॉडेलला मोटर नाही आणि निकॉनच्या लहान बॉडीवर ऑटोफोकस चालत नाही, म्हणून त्या स्वस्त सुटतात. घ्या बिनधास्त. कारण १:१ ला फोकस तसाही रिंग फिरवून नव्हे, कॅमेरा पुढे-मागे झुलवूनच धरावा लागतो. घेताना मात्र मोबाइलचा टॉर्च लेन्समधून मारून पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, सौदा तिथेच सोडा.

एफ/२.८ साठी जादा पैसे मोजणाऱ्यांना एक आकडा सांगतो. १:१ ला एफ/८ वर फोकसमध्ये राहणारी खोली असते साधारण ०.६ मिलिमीटर. अळीचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर होतात. म्हणजे ॲपर्चर उघडण्याची नव्हे, बंद करण्याची गरज पडते. शिवाय १:१ ला एफ/८ प्रकाशाच्या दृष्टीनं एफ/१६ सारखा वागतो, त्यामुळे एफ/२२ वर नेलं तर सगळा फोटोच मऊ पडतो. मग प्रकाश आणायचा कुठून? फ्लॅश, आणि त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर. लेन्समध्ये वाचवलेले पैसे इथे घाला. वारा सुटायच्या आत, सूर्य वर यायच्या आत शेतात पोचा; गारठलेला किडा हलत नाही आणि पातंही डोलत नाही.

सप्टेंबरात कास पठारावर जाणार असाल तर सीतेच्या आसवांचं फूल सेंटिमीटरभराचं असतं. त्याला १:१ पुरेसं आहे. वाटेवरूनच टिपा, एका फोटोसाठी आत टाकलेल्या पावलाखाली तशीच बरीच फुलं जातात.

दुकानात जाण्याआधी तेवढा पट्टीचा फोटो काढा, फ्रेममध्ये किती मिलिमीटर दिसले ते वहीत लिहा आणि शेजारी तुमच्या किड्याची किंवा फुलाची लांबी लिहा. हे दोन आकडे घेऊनच पैसे बाहेर काढा.