घोरणे आणि घशाचा व्यायाम

घोरणाऱ्या माणसाला ‘गाढ झोपला आहे’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वस्तुतः पुष्कळदा तो धड झोपलेलाच नसतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरते, मऊ टाळू खाली येतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. ती पार मिटली की घोरणेही थांबते आणि श्वासही. असा श्वास १० सेकंद वा अधिक काळ अडला, तर त्याला डॉक्टर ‘अ‍ॅप्निआ’ म्हणतात. मग मेंदू जागा होतो, माणूस धाप टाकतो आणि पुन्हा घोरू लागतो. तासाला १५ ते ३० वेळा श्वास अडला वा मंदावला, तरी विकार ‘मध्यम’च गणला जातो! सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. दिवसा मात्र डुलक्या येतात. माझे वडील ट्रक चालवतात. मला हा विषय थट्टेचा वाटत नाही.

सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये यावर हवेच्या दाबाचे यंत्र पुढे आणले. ते गुणकारी खरे. पण रोज रात्री नाकावर मुखवटा बांधून झोपणे पुष्कळांना जमत नाही, आणि किंमतही सर्वांना झेपणारी नाही.

म्हणून ब्राझीलमधील साओ पावलो येथील प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मध्यम विकाराचे ३१ रुग्ण होते. त्यांतील १६ जणांनी तीन महिने रोज अर्धा तास व्यायाम केला. बाकीच्यांना नुसते दीर्घ श्वास घ्यायला सांगितले. व्यायाम अगदी साधे. जिभेचे टोक टाळूला लावून मागे सरकवणे, सगळी जीभ टाळूला चिकटवून दाबणे, गालात बोट घालून ते गालाच्या स्नायूंनी दाबणे, फुगा फुगवणे, आणि पडजीभ वर उचलत ‘आ’ म्हणणे. व्याकरणाच्या तासाला ‘आ’ हा कंठ्य स्वर म्हणून आपण घोकतो. येथे तो औषध म्हणून घोकायचा! व्यायाम करणाऱ्यांचे श्वास अडण्याचे सरासरी प्रमाण तासाला २२.४ वरून १३.७ वर आले. वजन घटले नव्हते, तरी गळ्याचा घेर थोडा कमी झाला. दुसऱ्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

पण तासाला पाचाच्या खाली प्रमाण आले तरच ते सर्वसाधारण मानतात. म्हणजे १३.७ हाही आजारच. शिवाय प्रयोग लहान होता, आणि तीव्र विकाराचे रुग्ण त्यात नव्हते. तेव्हा यंत्र वापरणाऱ्याने या भरवशावर ते काढून ठेवू नये. विकार किती आहे हे झोपेच्या तपासणीवाचून कळतही नाही. वडिलांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तोवर रात्रीच्या फेऱ्या त्यांनी दुसऱ्या चालकाकडे दिल्या आहेत.