दूरचित्रवाणी व बालशिक्षण : कार्यकारणाचा एक प्रश्न

अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ हा कार्यक्रम सुरू झाला. गरीब घरांतील मुले शाळेत येण्यापूर्वीच मागे पडतात. त्यांस अक्षरांची व अंकांची ओळख घरीच व्हावी, हा त्याचा प्रधान हेतू. तो नियमाने पाहणारी मुले चाचण्यांत सरस ठरली. परंतु हे श्रेय कार्यक्रमाचे की मुलांस तो पाहावयास बसविणाऱ्या दक्ष पालकांचे, हा प्रश्न उरलाच.

त्याची उकल तंत्रातील एका उणिवेने सुकर केली. काही शहरांत हा कार्यक्रम यूएचएफ वाहिनीवरून प्रक्षेपित होई व पुष्कळ घरांत नीट दिसत नसे. हा भेद पालकांच्या दक्षतेवर अवलंबून नव्हता. मेलिसा कर्नी व फिलिप लेव्हाइन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचाच आधार घेतला. जेथे प्रक्षेपण चांगले पोहोचत होते, तेथील मुले वयानुरूप इयत्तेत असण्याचे प्रमाण अधिक आढळले. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या भागांत हा परिणाम विशेष होता. प्रौढपणीच्या अर्थार्जनाविषयी मात्र पुरावा निर्णायक ठरला नाही.

तात्पर्य, आरंभीच्या लाभास यामुळे बळकट आधार मिळतो. तो आयुष्यभर टिकतो, असे त्यावरून म्हणता येत नाही.