बोडीचा गाळ, फिल्टरचा गाळ

तुमसर तालुक्यात गाळाची किंमत कोणाला सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात बोडी, म्हणजे छोटे तळे, आटली की तळाचा काळा गाळ धानाच्या बांधीत जातो. पूर्वी बैलगाडीने जाई, आता ट्रॅक्टरने जातो. शासनाने 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, पण कोहळ्यांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांच्या या मुलखात ती रीत पिढ्यांची आहे. म्हणूनच इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: जलशुद्धीकरण केंद्रातून निघणारा गाळ दिसायला तसाच असला, तरी त्याचा स्वभाव अगदी उलटा आहे.

पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या गुंडात आजी तुरटी फिरवायची, कुठे निवळीचे बी घासले जायचे. केंद्रातही तेच घडते. तुरटीतले ॲल्युमिनियम पाण्यात विरघळून हायड्रॉक्साइडचे लिबलिबीत पुंजके बनवते, त्यांना माती, शेवाळ, जंतू चिकटतात आणि सगळे तळाशी बसते. राहिलेले वाळूच्या फिल्टरमध्ये अडकते आणि बॅकवॉशबरोबर, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, बाहेर पडते.

हा गाळ किती होतो? रोज 1 कोटी लिटर पाणी शुद्ध करणारे केंद्र धरू. पावसाळ्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅम माती आणि 40 मिलिग्रॅम तुरटी असेल, तर अभियंत्यांच्या रूढ सूत्राने दिवसाला सुमारे 2,180 किलो कोरडा गाळ निघतो. उन्हाळ्यात माती 10 आणि तुरटी 15 मिलिग्रॅमवर आली की तोच आकडा 166 किलोवर येतो. शिवाय हा कोरड्याचा हिशेब झाला. तळातून येणाऱ्या पातळ गाळात घन भाग शंभरात जेमतेम एक-दोन असतो. इतके पाणी वाहून न्यायचे कुठे? म्हणून वॉल्व्ह उघडून तो नाल्यात सोडणे हीच अनेक ठिकाणची सोपी वाट. जी माती नदीतून उचलली ती तुरटीसह नदीलाच परत जाते.

मग हा गाळ सरळ बांधीत का टाकू नये? कारण ॲल्युमिनियमचे पुंजके स्फुरद घट्ट धरतात. शेतकरी पैसे मोजून डीएपी टाकतो, त्यातले स्फुरद हा गाळ पिकाच्या मुळांआधी पकडील. आम्लधर्मी जमिनीत तर ॲल्युमिनियम सुटून मुळांनाच इजा करते. ‘फुकटचे खत’ म्हणून हा गाळ कोणी वाटला, तर तो धान उत्पादकाचा घात ठरेल.

पण शेतात खोड ठरणारा हाच गुण सांडपाण्यात उपयोगी पडतो. वैनगंगेत काठच्या गावांचे सांडपाणी येते, पुढे नागपूरची नाग नदी कन्हानवाटे तिला मिळते, आणि गोसेखुर्दच्या साचलेल्या पाण्यात स्फुरदावर जलपर्णी पोसते. आयर्लंडच्या युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये याचियान झाओ यांच्या गटाने जलशुद्धीकरण केंद्राचा वाळवलेला तुरटीगाळ वाफ्यांत भरून त्यावर बोरूचे गवत लावले आणि त्यातून सांडपाणी झिरपवले. स्फुरद गाळाने धरले, बाकीचे काम मुळांनी व जिवाणूंनी केले. नेदरलँड्समध्ये पाणी कंपन्यांनी 1995 साली असे अवशेष विकण्यासाठी सामायिक संस्थाच काढली. तिथला लोहयुक्त गाळ बायोगॅस संयंत्रात हायड्रोजन सल्फाइड धरायला जातो. गंधकाम्ल घालून गाळातून तुरटी परत मिळवता येते, पण त्याबरोबर नको ते धातू आणि सेंद्रिय घाणही विरघळते. विटांच्या मातीत गाळ मिसळण्याचा मार्ग त्यामानाने सरळ आहे.

तुमसरला एक खास काळजी घ्यावी लागेल. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींचा हा तालुका; डोंगरीचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांत वापरले जाते. पाण्यात मँगनीज असेल तर ते गाळात उतरते, आणि गाळ खड्ड्यात हवेविना सडत राहिला की पुन्हा विरघळून पाण्यात येते. म्हणजे गाळ साठवून ठेवणे हा उपाय नव्हे; तो वेळेत काढून वाळूच्या वाफ्यांवर वाळवायला हवा. पावसाळ्यात सर्वांत जास्त गाळ आणि ऊन सर्वांत कमी, ही खरी अडचण आहे. वाफ्यांवर छत लागेल.

1958 साली सुरू झालेली नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था नागपुरात, म्हणजे फार दूर नाही. एका पावसाळ्याचा गाळ तोलावा, त्यातले ॲल्युमिनियम आणि मँगनीज तपासावे, आणि गावाच्या एखाद्या नाल्याच्या तोंडाशी, पाणी वैनगंगेला मिळण्याआधी, वाळवलेल्या गाळाचे चार वाफे भरून पाहावेत.