एकदा मिळालेला कागद

रोवणी आटोपली, पाठीला थोडा आराम मिळाला असेल. मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपत आली होती, बचतीचे पैसे मोजून झाले होते, तेव्हा एका ताईंनी आम्हाला विचारलं, "सरकारनं एकदा दिलेला कागद सरकारच परत घेऊ शकते का?" ताईंचं माहेर बालाघाटकडचं. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, तुमचा जुना दाखला आता चालायचा नाही. आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. मग शोधायला बसलो, आणि शंभर वर्षांपूर्वीचा एक वकील सापडला. आज त्यांच्याबद्दल बोलू.

दुसऱ्या देशात गेलेल्या माणसाला तिथे राहण्याची परवानगी आणि नागरिकत्व मिळवून देण्याचं काम जे वकील करतात, त्यांना इमिग्रेशन वकील म्हणतात. हे काम फक्त विमानात बसणाऱ्यांचं आहे असं समजू नका. आपल्याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. अरुणनगर, गौरनगरला पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं आहेत. आपण कोणत्या देशाचे, हे कागदावर असणं म्हणजे काय, ते त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायांना विचारा.

तर या वकिलांचं नाव सखाराम गणेश पंडित. नावाचं वळण मराठी, जन्म मात्र 1875 साली अहमदाबादचा. 1906 मध्ये ते अमेरिकेत गेले. सुरुवातीला हिंदू तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत. तिथला तेव्हाचा कायदा असा होता की बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व मिळे ते गोऱ्या माणसाला, आणि 1870 नंतर आफ्रिकी वंशाच्या माणसाला. भारतीय माणूस गोरा की नाही, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. एक न्यायाधीश हो म्हणे, दुसरा नाही म्हणे. पंडितांच्या अर्जाला सरकारी अधिकाऱ्यानं विरोध केला, तरी 1914 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टानं त्यांना नागरिकत्व दिलं. सरकारनं त्यावर अपील केलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे. (त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.)

पंडित 1917 मध्ये वकील झाले आणि लॉस एंजेलिसला वकिली करू लागले. लिलियन नावाच्या अमेरिकन बाईशी त्यांनी लग्न केलं. भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी शीख माणसाचं नागरिकत्वाचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. थिंद पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेच्याच फौजेत होते. त्यांच्या बाजूनं कागद तयार करणाऱ्या वकिलांमध्ये पंडित होते. त्या कागदात मांडलेला एक मुद्दा आम्हाला फार खटकला, तो लपवत नाही. आम्ही उच्च जातीचे, खालच्यांशी रोटीबेटी करत नाही, म्हणून आम्ही गोऱ्यांतच मोडतो, असा तो मुद्दा होता. दुसऱ्याला खाली दाखवून स्वतःची जागा मागितली, आणि ती मिळालीही नाही. 19 फेब्रुवारी 1923 ला कोर्टानं सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, भारतीय त्यात येत नाहीत.

मग सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे कागद रद्द करण्यासाठी एकेकावर दावे लावले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व असंच गेलं. 1928 मध्ये त्यांनी जीव दिला. मागे त्यांची पत्नी कला आणि तीन मुलं राहिली.

दावा पंडितांवरही आला. वकिलावरच केस! आणि यात लिलियनचं काय होणार होतं ते ऐका. 1922 च्या कायद्याप्रमाणे, नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचं स्वतःचं नागरिकत्व जात असे. शिवाय अशा परदेशी माणसांना कॅलिफोर्नियात शेतजमीन घेता येत नसे. म्हणजे नवऱ्याचा कागद गेला की बायकोचा देश जाणार, आणि तिच्या नावाची जमीनही धोक्यात. जन्मली तिथे, वाढली तिथे, आणि लग्नामुळे परकी ठरणार.

पंडितांनी या वेळी गोरं-काळं यावर सगळा भार टाकला नाही. ते म्हणाले, हा प्रश्न 1914 मध्ये याच सरकारसमोर कोर्टात निकाली निघाला आहे. तुम्ही तेव्हा हजर होता, विरोधही केला होता, अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी वकील झालो, घर केलं, भारतातल्या वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क सोडला. आता तोच वाद पुन्हा उकरता येणार नाही. खालच्या कोर्टानं हे मानलं, 1926 मध्ये अपिलाच्या कोर्टानंही मानलं, आणि 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर उरलेल्या भारतीयांवरचे दावे सरकारनं सोडून दिले. भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता कायद्यानं खुला झाला तो पुढे 1946 मध्ये. कला बगाई त्यानंतरच नागरिक झाल्या.

आता ताईंचं उत्तर. हाच नियम आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 11 मध्ये आहे : त्याच पक्षांमधला, कोर्टानं एकदा कायमचा निकाली काढलेला वाद पुन्हा लावता येत नाही. पण हे कोर्टाच्या निकालाचं झालं. ऑफिसातून मिळालेल्या दाखल्याला तेवढं बळ नसतं. खोटी माहिती देऊन घेतलेला दाखला रद्द होऊ शकतो. मात्र रद्द करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. तेव्हा कोणी तोंडी सांगितलं म्हणून घाबरू नका, "हे लेखी द्या" म्हणा. जुना कागद फाडू नका, मूळ प्रत कोणाच्या हाती ठेवून येऊ नका. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्हींची झेरॉक्स लग्नाच्या दाखल्यासोबत एका पिशवीत ठेवा.

वकील परवडत नाही, असं ताई म्हणाल्या. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. गोंदियाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, आणि फोन 15100 वर करता येतो. येत्या सोमवारी आम्ही ताईंसोबत तालुक्याला जाणार आहोत. अजून कोणाच्या कागदाची भानगड असेल, तर त्याआधी गटाच्या सचिवांकडे नाव सांगून ठेवा, एकाच गाडीनं जाऊ.