न घडलेल्या गोष्टीचा मत्सर : 'आइज वाइड शट'

आज आपण स्टॅन्ली कुब्रिकच्या 'आइज वाइड शट'कडे वळू. १९९९ सालचा हा चित्रपट. तो प्रदर्शित होण्याआधीच, मार्चमध्ये, कुब्रिक गेला. टॉम क्रूझ आणि निकोल किडमन तेव्हा खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको होते, त्यामुळे चर्चा झाली ती भलत्याच गोष्टींची. ती आपण बाजूला ठेवू.

कथेचं मूळ आहे आर्थर श्निट्झलरच्या १९२६ च्या जर्मन लघुकादंबरीत. श्निट्झलर व्हिएन्नाचा, शिक्षणाने डॉक्टर. फ्रॉइडला तो जणू आपलाच जुळा वाटे, आणि तसं त्याने श्निट्झलरला पत्रात कळवलंही होतं. कुब्रिकने ही व्हिएन्नामधली गोष्ट नाताळातल्या न्यूयॉर्कमध्ये आणली.

आता प्रसंग बघा. डॉ. बिल हारफर्ड बायकोला, अ‍ॅलिसला, मोठ्या विश्वासाने सांगतो की मला तुझा मत्सर वाटत नाही, कारण तू कधी प्रतारणा करणार नाहीस. ती खो खो हसते. मग सांगते : सुट्टीत एका हॉटेलात एक नौदल अधिकारी दिसला होता. त्याने नुसतं एकदा पाहिलं. त्याने मागितलं असतं तर नवरा, मुलगी, सगळं सोडून ती गेली असती. आणि त्याच वेळी नवरा तिला नेहमीपेक्षा जास्त प्रिय वाटत होता. घडलं काय? काहीच नाही. तो अधिकारी तर निघूनही गेला.

आपल्याकडे निष्ठेची मोजणी काया-वाचा-मने अशी करतात. रेणुकेची कथा आठवा. जलक्रीडा करणाऱ्या राजाकडे पाहून तिचं मन क्षणभर ढळलं, एवढ्यावर जमदग्नीने तिच्या शिरच्छेदाची आज्ञा दिली. तिथे मनाचा गुन्हा कृतीइतकाच धरला गेला. बिल आधुनिक माणूस, तो असं म्हणणार नाही. पण मग तो रात्रभर रस्त्यांवर का भटकतो?

इथे स्पिनोझा उपयोगी पडतो. 'एथिक्स'च्या तिसऱ्या भागात तो मत्सराचं विश्लेषण करतो. त्याचं म्हणणं साधारण असं : आपलं प्रिय माणूस दुसऱ्याचं झालं अशी कल्पना केली, की त्या दुसऱ्याची प्रतिमा प्रिय माणसाच्या प्रतिमेला चिकटते. मग एक आठवली की दुसरी येतेच. बिलच्या डोक्यात नेमकं हेच चालतं. अ‍ॅलिस आणि तो अधिकारी, निळसर कृष्णधवल दृश्यांत, पुन्हा पुन्हा. यातलं एकही दृश्य अ‍ॅलिसने सांगितलेलं नाही, बरं का! ते सगळं बिलनेच रचलंय. झपाटणारी वासना बायकोची नाहीच, नवऱ्याच्या कल्पनेची आहे.

मुखवट्यांच्या हवेलीतला प्रसंग कामुक न वाटता थंड वाटतो, अशी तक्रार तेव्हा झाली. अमेरिकेत तर तिथल्या काही भागांवर संगणकीय आकृत्या चढवून तो झाकला. आम्हाला तो थंडपणा योग्यच वाटतो. चेहरे नाहीत, नावं नाहीत. तिथे कोणाशी प्रतारणा करणार? आणि आत जायचा परवलीचा शब्द 'फिडेलिओ'. बीथोव्हेनच्या ऑपेरातल्या लिओनोरेने नवऱ्याला तुरुंगातून सोडवण्यासाठी घेतलेलं हे नाव. कादंबरीत तिथे 'डेन्मार्क' आहे, म्हणजे बायकोच्या त्या कल्पनेचीच आठवण, कारण तिथला अधिकारी डॅनिश. आमच्या मते श्निट्झलरचा शब्द जास्त बोचरा. कुब्रिकचा थोडा शहाणपणा मिरवतो.

गंमत अशी, की बिलच्या हातूनही शेवटपर्यंत 'काही' घडत नाही. वेश्येच्या घरी ऐन वेळी अ‍ॅलिसचाच फोन येतो. तरीही उशीवर ठेवलेला आपला मुखवटा पाहून तो रडतो आणि सगळं सांगून टाकतो. काही घडलंच नाही, तर कबुली कशाची?

शेवटी दोघं खेळण्यांच्या दुकानात बोलतात. बिल 'कायमचं' म्हणतो. अ‍ॅलिस म्हणते, तो शब्द नको, त्याची मला भीती वाटते. ती नवऱ्याला सोडत नाही, उलट घरी जाऊन लगेच जवळ येऊ म्हणते. पण शपथ घ्यायला मात्र तयार होत नाही.